बोअरआधी ‘मशीन’ लावावं का? कर्जत-खालापुरातला खर्च आणि हिशेब

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. नेरळ, कडाव, कशेळे, चौक, वावोशी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत प्लॉट पडले, फार्महाऊस उभी राहिली, आणि प्रत्येकाला पहिली गरज लागते ती बोअरची. बोअरची गाडी दारात येण्याआधी कोणीतरी सांगतं, “आधी मशीन लावून पाणी बघून घ्या.” हे मशीन म्हणजे विद्युत रोधकता सर्वेक्षण. धातूची खनिजं शोधण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी विकसित झालेली ही पद्धत आज आपल्याकडे मुख्यतः पाण्यासाठी वापरली जाते. तिच्यावर पैसे घालावेत का, किती घालावेत आणि त्या पैशांत काय मिळायला हवं, याचा हा हिशेब.

आधी निवाडा

आजूबाजूच्या बोअरांची खात्रीची माहिती मिळत नसेल, प्लॉट उंचवट्यावर असेल किंवा शेजारी एखादा बोअर कोरडा गेला असेल, तर सर्वे जरूर करून घ्या. नदीकाठच्या किंवा कालव्याखालच्या सपाट जमिनीत, जिथे चारही बाजूंच्या विहिरींना मे महिन्यात पाणी असतं, तिथे तो खर्च टाळता येतो. आणि कुठेही, कोणीही ‘शंभर टक्के पाणी’ अशी हमी देत असेल, तर त्या माणसाला काम देऊ नका.

जमिनीखाली आहे काय?

हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून माथेरानपासून राजमाचीपर्यंतचे डोंगर घडले. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, फोडांनी भरलेला. खालचा भाग घट्ट, एकसंध. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. घट्ट कातळात पाणी साठत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, सच्छिद्र भागात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात.

म्हणूनच पाऊस धो धो पडूनही पाणी टिकत नाही. मुरमाची जाडी कमी, उतार तीव्र, त्यामुळे बरंचसं पाणी उल्हास आणि पाताळगंगेला मिळून निघून जातं. भिवपुरी आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज आणि पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. त्यांच्या काठच्या आणि राजनाल्याच्या कालव्याखालच्या गावांची गोष्ट वेगळी. पण त्या पट्ट्यापासून दूर, डोंगराच्या सोंडेवर गेलात की शंभर फुटांच्या अंतरावर एका बोअरला पाणी आणि दुसरा धुरळा उडवतोय, असं सहज घडतं. कारण पाणी भेगेत आहे. भेग चुकली की पाणी चुकलं.

मशीन नेमकं काय मोजतं?

काम साधं दिसतं. सरळ रेषेत चार लोखंडी खुंट जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन खुंटांतून बॅटरीचा विद्युतप्रवाह जमिनीत सोडतात आणि आतल्या दोन खुंटांमधला विद्युतदाब मोजतात. दोन्हींच्या गुणोत्तराला खुंटांमधल्या अंतराच्या हिशेबाने गुणलं की जमिनीची रोधकता मिळते. तिचं एकक ओहम-मीटर. मग बाहेरचे खुंट आणखी लांब नेतात, पुन्हा मोजतात. तार जितकी लांब पसरेल तितका प्रवाह खोल उतरतो. कॉनराड श्लुम्बर्गर यांनी १९१२ मध्ये फ्रान्समध्ये या पद्धतीचे प्रयोग केले. तांबं-लोखंडाची काही खनिजं आजूबाजूच्या खडकापेक्षा वीज सहज वाहून नेतात, हा त्यामागचा आधार. खुंटांच्या दोन प्रचलित मांडण्यांपैकी एक आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते, दुसरी फ्रँक वेनर यांच्या.

इथे ग्राहकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. साठ मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट खोलीबद्दल काही बोलायचं असेल तर जमिनीवर एका सरळ रेषेत साधारण २०० ते ३०० मीटर तार पसरावी लागते. पाच गुंठ्यांचा प्लॉट चौकोनी धरला तर त्याची बाजू साडेबावीस मीटरच्या आसपास येते. त्यामुळे प्लॉटच्या कुंपणाच्या आतच पाच-दहा मिनिटांत खुंट ठोकून कोणी “दोनशे फुटांवर दोन इंच पाणी आहे” असं सांगत असेल, तर त्याने ती खोली मोजलेलीच नाही. शेजाऱ्याच्या शेतातून किंवा गावरस्त्याच्या कडेने तार न्यायची परवानगी तुम्ही आधीच घेऊन ठेवा. सर्वेवाला ती मागत असेल तर तो काम जाणतो, असं समजा.

आकडे कसे वाचायचे?

दख्खनच्या खडकात ढोबळमानाने असं दिसतं: २० ओहम-मीटरच्या खाली चिकणमाती किंवा माती, २० ते ४५ दरम्यान पाणी धरलेला मुरूम, झिजलेला खडक, ४० ते ७० दरम्यान पाणी असलेला भेगाळ किंवा सच्छिद्र खडक, त्याच्या वर घट्ट कातळ, आणि तो कातळ कित्येकदा काही शेकड्यांत जातो.

समजा तुमच्या प्लॉटवर अर्ध्या तारेचं अंतर ५ मीटर असताना आकडा ३० आला, २० मीटरला ५५, ४० मीटरला ११०. इथपर्यंतचा अर्थ सरळ आहे: वर मुरूम, खाली कातळ. पण ६० मीटरला आकडा १३० वर जाण्याऐवजी ९५ वर उतरला आणि ८० मीटरला पुन्हा वाढला, तर मधल्या पट्ट्यात भेगाळ थर असण्याची शक्यता आहे. आलेखातला हा खोलगा जिथे ठळक दिसतो, तिथे बोअर घ्यायचा. आकडा सलग चढतच गेला तर खाली घट्ट कातळ आहे, आणि त्या जागी ३०० फूट खोदणं म्हणजे पैसे जमिनीत पुरणं. सर्वेचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे: कुठे खोदू नये आणि कुठे थांबावं हे तो सांगतो.

मर्यादाही समजून घ्या. मशीन पाणी दाखवत नाही, रोधकता दाखवतं. ओली चिकणमाती आणि दोन थरांमधली तांबडी मातीही कमी आकडा देते, आणि तिच्यातून पाणी सुटत नाही. दीडशे-दोनशे फुटांवरची वीतभर भेग जमिनीवरून वेगळी ओळखता येत नाही. त्यामुळे चांगला भूवैज्ञानिक “इथे शक्यता जास्त आहे, इतक्या फुटांवर नाही लागलं तर थांबा” असं बोलतो, आणि तसंच लिहूनही देतो.

खर्चाचा ताळेबंद

खालचे आकडे अंदाजपत्रक मांडण्यासाठी धरलेले आहेत. डिझेल, हंगाम आणि गाडी किती लांबून येते यावर दर हलतात. तुमच्यासाठी खरा दर तोच, जो तीन ठिकाणांहून लेखी घ्याल.

- प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी खोलीनिहाय सर्वे, आलेखासह लेखी अहवाल: ५,००० ते १५,००० रुपये
- अनेक खुंट एकाच वेळी लावून जमिनीखालचा उभा छेद दाखवणारा प्रतिमा सर्वे, प्रत्येक रेषेला: २०,००० ते ५०,००० रुपये
- साडेसहा इंची बोअर, पहिल्या ३०० फुटांपर्यंत: फुटाला ९० ते १३० रुपये, त्यापुढे दर शंभर फुटांना वाढता दर
- केसिंग पाइप: फुटाला ३५० ते ६०० रुपये
- सबमर्सिबल पंप, पाइप, केबल, स्टार्टर आणि बसवणी: ३५,००० ते ६०,००० रुपये

आता हिशेब मांडू. २०० फुटांचा बोअर ११० रुपये दराने २२,००० रुपये. मुरमातून जाणारं ४० फूट केसिंग ४०० रुपये दराने १६,००० रुपये. एकूण ३८,०००. बोअर कोरडा गेला तर ही रक्कम बुडाली. सर्वेला ८,००० रुपये लागले असं धरा. म्हणजे सर्वेमुळे दर पाच बोअरांमागे एक कोरडा बोअर टळला तरी पैसे जवळजवळ वसूल होतात. एकट्या प्लॉटधारकासाठी हा सौदा ठीक आहे. पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी सर्वे करून घेतला तर तो फारच फायद्याचा, कारण भूवैज्ञानिकाचा येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो आणि लांब तार पसरायला सगळ्यांची जमीन मिळते.

प्रतिमा सर्वे घरगुती बोअरसाठी सहसा गरजेचा नाही. मोठी सोसायटी, शाळा, रिसॉर्ट किंवा कारखान्यासाठी तो करावा. डोंगरउतारावर बांधकाम करणाऱ्यांनी मात्र त्याचा विचार जरूर करावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती आठवण इथल्या कोणाच्याही मनातून गेलेली नाही. कातळावर माती-मुरमाचा थर किती जाड आहे आणि तो कुठे पाण्याने भरतो, हे या सर्वेतून कळू शकतं. तिथे पाण्यापेक्षा जिवाचा प्रश्न असतो.

पैसे घालण्याआधी फुकटची चौकशी

सर्वेच्या आधीचा अर्धा दिवस चौकशीला द्या. आजूबाजूच्या पाच-सहा बोअरवाल्यांना तीन प्रश्न विचारा: किती फुटांवर पाणी लागलं, केसिंग किती फूट गेलं, आणि मेमध्ये मोटर किती वेळ चालते? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बोअर मारल्याच्या दिवशी उसळलेलं पाणी सगळेच सांगतात. उन्हाळ्यातलं खरं पाणी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. गावातल्या उघड्या विहिरींत डोकावून पाहा. कडेला मुरूम किती हात खोल आहे आणि कातळ कुठे सुरू होतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय अलिबागला आहे. गावागावांतल्या निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ही यंत्रणा ठेवते, आणि शुल्क भरून तिच्याकडून जागेची तपासणीही मागता येते. खासगी सर्वे ठरवण्याआधी तिथे अर्ज करून शुल्क आणि लागणारा वेळ विचारून घ्या.

पाणाड्याला बोलावण्याची चाल गावोगाव आहे. हातात नारळ किंवा काठी घेऊन जागा दाखवणारा जुना जाणकार त्याच गावात वर्षानुवर्षं राहिलेला असेल, तर झाडं, ओलावा आणि जुन्या विहिरींबद्दलचं त्याचं निरीक्षण ऐकण्यासारखं असतं. पण नारळ उभा राहिला म्हणून पाणी आहे, याला कसलाही आधार नाही. त्या एका खुणेवर चाळीस हजार रुपये लावू नका.

जागा आणि हंगाम

कर्जत-खालापुरात सर्वेसाठी जानेवारी ते एप्रिल हा काळ योग्य. भाताची कापणी होऊन शेतं मोकळी असतात, तार पसरता येते. भूजलाची पातळी खाली गेलेली असते, त्यामुळे या दिवसांत जे पाणी दिसेल ते वर्षभर टिकण्याची आशा असते. जुलै-ऑगस्टमध्ये वरचा थर पाण्याने भरलेला असतो आणि सगळीकडे आकडे कमी येतात; त्यावर निर्णय घेऊ नका. सुकलेल्या जमिनीत खुंटांचा संपर्क नीट होत नाही, म्हणून उन्हाळ्यात खुंटाभोवती पाणी ओतावं लागतं. सर्वेवाल्याने पाण्याची कॅन मागितली तर ती आनंदाने द्या.

उच्चदाबाच्या वीजवाहिन्या, रोहित्र, रेल्वेची विद्युत तार, जमिनीतली लोखंडी पाइपलाइन आणि तारेचं कुंपण हे सगळे मोजणीत घोटाळा करतात. कर्जत-खोपोली रेल्वेमार्गाच्या आणि मोठ्या वीजवाहिन्यांच्या शेजारच्या प्लॉटवर हे विशेष जपा. तार या गोष्टींना समांतर न टाकता काटकोनात आणि शक्य तितकी दूर टाकायला सांगा.

सर्वेवाल्याकडून काय मागायचं?

भूविज्ञान शिकलेला, नावाने सही करणारा माणूस निवडा. पैसे ठरवण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी कबूल करून घ्या: प्रत्येक बिंदूची मोजलेली आकडेवारी, आलेख, खुंटांमधलं सर्वांत मोठं अंतर, बिंदूंचे अक्षांश-रेखांश, सुचवलेली खोली, आणि कोणत्या खोलीवर थांबायचं ते. नुसतं चुन्याने फुली मारून जागा दाखवणं म्हणजे अहवाल नव्हे. काही यंत्रं जमिनीतल्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी टिपून मोबाइलच्या पडद्यावर रंगीत चित्र दाखवतात. ती पद्धत वेगळी आहे. शेजारी वीजवाहिनी असेल तर ते चित्र बिघडतं. चित्रामागचे आकडे मिळत नसतील तर त्याचे पैसे देऊ नका.

एक गोष्ट आवर्जून पाळा: सर्वे करणारा आणि बोअर मारणारा एकच नको. खोदाईचा पैसा फुटावर मिळतो, म्हणून “अजून शंभर फूट जाऊ” असं सांगण्यात त्याचा फायदा असतो. बोअर सुरू असताना दर दहा फुटांना बाहेर येणारा चुरा कागदावर थोडा थोडा ठेवा, त्यावर फूट लिहा आणि भूवैज्ञानिकाला फोटो पाठवा. कोरड्या बोअरमधून केसिंग काढून परत देणार का, हेही गाडी येण्याआधीच ठरवा.

किती पाणी पुरे?

बोअरवर पाणी ‘इंचात’ सांगतात, ते व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून. एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दीड इंच म्हणजे सुमारे १,४०० आणि दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं. माणशी १३५ लिटर धरले तर पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतात. म्हणजे टिकणारं एक इंच पाणी मिळालं तरी दीड तासाच्या आत घराची टाकी भरते. “अजून खाली गेलो तर तीन इंच लागेल” या मोहात पडण्याची घरगुती ग्राहकाला गरजच नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही ‘खोल विहीर’ ठरते आणि शेती व उद्योगासाठी तशी विहीर घेण्यावर बंदी आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत असाल तर आधी परवानगी विचारा. बोअरची गाडी नोंदणीकृत आहे का, तेही पाहा. २००३ मध्ये जाहीर झालेल्या माथेरान पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात दोन्ही तालुक्यांतले काही भाग येतात. तिथे भूजल उपशाला वेगळ्या अटी आहेत, म्हणून तहसील कार्यालयात आपला गट नंबर दाखवून खात्री करून घ्या.

बोअर कोरडा गेला तर तो उघडा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरायचा असतो, आणि चालू बोअरभोवती सिमेंटचा ओटा व पाइपवर घट्ट झाकण हवं. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडून गेली आहेत. हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

खनिजासाठी सर्वे करावा का?

जमिनीखाली तांबं आहे, सोनं आहे असं सांगून मशीन लावणारेही भेटतात. कर्जत-खालापुरात शेतकऱ्याने यावर एक रुपयाही घालू नये. महाराष्ट्रातली धातूची खनिजं मुख्यतः पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांत आहेत: नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, गडचिरोलीचं लोखंड. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या संस्था रोधकता सर्वे इतर पद्धतींच्या जोडीने वापरतात आणि शेवटी खोदून नमुना काढल्याशिवाय साठा आहे असं म्हणत नाहीत. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, बोरघाटही त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण तसल्या छोट्या पोकळ्या या सर्वेत दिसत नाहीत. शिवाय १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही. खडीच्या खाणीसाठी माती-मुरमाची जाडी मोजायला मात्र ही पद्धत उत्तम, आणि तिचा खर्च पाण्याच्या सर्वेइतकाच येतो.

फसवणूक झाली तर

पाणी लागलं नाही, एवढ्यावरून सर्वेवाला दोषी ठरत नाही. पण ठरलेली मोजणी केली नाही, अहवाल दिला नाही किंवा हमी देऊन पैसे उकळले, तर ती सेवेतली त्रुटी आहे. पावती, अहवाल आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तक्रार अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. रोख दिलेल्या, पावती नसलेल्या पैशांसाठी मात्र भांडणं कठीण, म्हणून पैसे ऑनलाइन द्या.

शेवटी एक विनंती. बोअरला पाणी लागलं की पावसाचं पाणी जमिनीत परत घालण्याची सोयही त्याच वर्षी करा. हजार चौरस फुटांच्या छपरावर इथल्या तीन हजार मिलिमीटर पावसात, वीस टक्के वाया गेलं तरी, सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून बाकीचं गाळणखड्ड्यातून जमिनीत मुरवा. आणि सर्वेच्या अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. गावात असे पंधरा-वीस कागद जमले, तर पुढच्या माणसाला मशीन लावण्याआधीच खाली काय आहे ते कळेल, आणि कोणत्या वाडीसाठी कुठे विंधण विहीर घ्यायची हे ठरवणंही सोपं होईल.